विषाची परीक्षा

'विषाची परीक्षा पाहू नये' असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली. मुलगा विहिरीच्या काठावर फार वाकू लागला, किंवा कुणी नवखा मारक्या बैलाच्या अंगाला झटू लागला, की घरातले वडीलधारे हीच म्हण त्याच्या कानांवर घालतात. म्हण खरी आहे, शहाणपणाची आहे. आज मात्र मी तुम्हांला अशा काही माणसांची हकीकत सांगणार आहे, की ज्यांनी ही परीक्षा मुद्दाम पाहिली. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे पाहिली. आणि त्या परीक्षेतून जे निघाले, ते कदाचित आज तुमच्याच घरात कोनाड्यात किंवा फडताळात औषधाच्या पाकिटात पडून असेल.

पटत नाही? मग असे करा. घरातल्या आजोबांना किंवा आजींना रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पाकीट हाती घ्या आणि त्यावरचे औषधाचे नाव वाचा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल असे 'प्रिल'ने संपणारे नाव असेल, तर त्या गोळीचे कूळ दूर ब्राझील देशातल्या एका विषारी सापापर्यंत जाऊन पोचते. गोळीत विष नाही हं! हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आजोबा उद्यापासून गोळी घ्यायची बंद करतील. गोळीत विष नाही. पण विषाने शिकवलेला धडा आहे. तो धडा माणूस कसा शिकला, तेच आज आपण पाहू.

प्रथम विष म्हणजे काय, ते ध्यानात घेतले पाहिजे. आपली समजूत अशी असते, की विष म्हणजे एकच एक जहाल पदार्थ. अंगात गेला की सगळे शरीर जाळतो. खरी गोष्ट निराळी आहे. सापाच्या विषात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि त्यांतली बहुतेक प्रथिने असतात. सापाला हात नाहीत, पाय नाहीत. उंदीर निसटून बिळात शिरण्यापूर्वी त्याला आडवा पाडायचा, एवढीच त्याची निकड. म्हणून त्याच्या विषातले एकेक द्रव्य भक्ष्याच्या शरीरातील एकेका मोक्याच्या जागी जाऊन काम करते. एखादे रक्त गोठण्याच्या व्यवस्थेवर घाला घालते. एखादे मज्जातंतूचा निरोप स्नायूला जिथे पोचतो ती जागाच अडवून बसते. एखादे रक्तवाहिन्या सैल पाडते. जशी कुलपाला त्याची नेमकी किल्ली लागते, तसा हा प्रकार आहे.

आता गंमत पाहा. चोर घरात शिरला, तो अशा एका दाराने की जे दार आहे हे घरमालकालाच ठाऊक नव्हते. चोरी झाली हे वाईटच. पण चोरामुळे दाराचा पत्ता लागला. विषाने शास्त्रज्ञांना नेमके हेच दाखवले. शरीरात कोणते दार कुठे आहे, हे पुष्कळदा विषाच्या मागोमाग गेल्यावर कळले.

या कथेचा आरंभ मात्र औषध शोधण्यापासून झाला नाही. तो झाला माणूस वाचवण्याच्या धडपडीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील आल्बेर काल्मेत याने नागाच्या विषावर पहिले प्रतिविष तयार केले. जनावराला विषाच्या थोड्याथोड्या मात्रा टोचत गेले, की त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात, आणि ती काढून चावलेल्या माणसाला देता येतात, ही त्यामागची कल्पना. पुढे ब्राझीलमध्ये विताल ब्राझील नावाच्या डॉक्टराने हे प्रतिविष तिथल्या सापांवर वापरून पाहिले, तेव्हा त्याचा उपयोग होईना. मग त्याने सिद्ध केले, की ज्या जातीचे विष, त्याच जातीचे प्रतिविष पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिचे पुन्हा काम पडणार आहे.

इथे आपल्या मुंबईची एक आठवण सांगितली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात थाटली गेली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. त्याच १८९९ साली प्लेग समुद्रमार्गे ब्राझीलला पोचला, आणि त्याच्यावर लस करण्यासाठी साओ पाउलो शहराबाहेर बुतांतान नावाच्या शेतावर प्रयोगशाळा निघाली. विताल ब्राझील हेच तिचे पहिले प्रमुख. दोन्ही संस्था प्लेगातून जन्मल्या, आणि पुढे दोन्ही संस्थांनी सापाच्या विषावर प्रतिविष बनवण्याचे काम अंगावर घेतले. प्रतिविष करायचे म्हणजे साप पाळायचे, त्यांचे विष काढायचे, वाळवून बाटल्यांत साठवायचे. अशा रीतीने विष अभ्यासकाच्या टेबलावर येऊन बसले.

आणि लवकरच त्याचा दुसराही उपयोग दिसू लागला. तुमच्याआमच्या शेतातली घोणस घ्या. कुकराच्या शिट्टीसारखा आवाज काढणारी, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेली. तिचे विष रक्त गोठवते, हे पूर्वीपासून माहीत होते. १९३४ साली लंडनमध्ये मॅक्फार्लेन आणि बार्नेट या दोघा डॉक्टरांनी हे विष पुष्कळ पातळ करून हिमोफिलियाच्या रोग्यांवर वापरून पाहिले. हिमोफिलिया म्हणजे जन्मतःच रक्त न गोठण्याचा रोग. अशा माणसाचा दात काढला तरी रक्त थांबता थांबत नाही. दाताच्या खड्ड्यात या पातळ द्रावाचा बोळा ठेवला, आणि रक्त थांबले! घोणशीच्या विषावरून बेतलेली एक रक्तचाचणी आजही प्रयोगशाळांतून केली जाते.

कुणी विचारील, मग घोणस चावलेल्या माणसाचे रक्त वाहत का राहते? कारण असे, की विष शरीरभर रक्त गोठवण्याची सामग्री भराभरा खर्चून टाकते. तिजोरी रिकामी झाली, की मग गोठवायला काही उरत नाही. म्हणून दवाखान्यात डॉक्टर चावलेल्या माणसाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर विष भिनले हे समजते. इतकी साधी परीक्षा. पण तिच्यावर जीव तरतो.

आता ब्राझीलकडे वळू. तिथे जराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणस-फुरशांच्याच मोठ्या कुळातला. त्याने चावा घेतला की रक्तदाब एकाएकी खाली येतो. असे का होते? १९४८ च्या सुमारास साओ पाउलोमध्ये मौरिसियो रोशा ए सिल्व्हा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड या तिघांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी जराराकाचे विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळले, आणि ते मिश्रण गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर घालून पाहिले. आतडे हळूहळू आकसू लागले. विष काही नवे आणत नव्हते. रक्तातच दडून बसलेले एक द्रव्य ते मोकळे करत होते. ते द्रव्य आपल्या सर्वांच्या रक्तात असते, आणि त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. आतडे सावकाश आकसते म्हणून त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिले 'ब्रॅडिकायनिन'. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. चोराने दाखवलेले हे पहिले दार.

पण ब्रॅडिकायनिनचा एक दोष होता. ते शरीरात क्षणभरही टिकत नसे. लगेच त्याचे तुकडे होत. मग सापाचे काम कसे भागते? रोशा ए सिल्व्हा यांचे शिष्य सेर्जिओ फेरेरा यांनी विष पुन्हा तपासले, आणि १९६५ साली दाखवून दिले, की सापाने ही तजवीजही केलेली आहे! ब्रॅडिकायनिन मोडू न देणारा एक घटक त्याच विषात आहे. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने ते उघडे धरून ठेवायचे, असा हा बेत.

फेरेरा हा विषाचा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या प्रयोगशाळेत वाय. एस. बखले नावाचे एक संशोधक होते. नाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. या बखल्यांनी १९६८ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो समजण्यासाठी शरीरातल्या एका व्यवस्थेची थोडी ओळख करून घेऊ.

तुम्ही उसाला पाणी देता तेव्हा दारे धरणारा गडी एकीकडे माती ओढतो आणि दुसरीकडे बांध घालतो. आपल्या फुफ्फुसांत असाच एक गडी आहे. शास्त्रज्ञ अशा द्रव्यांना विकर म्हणतात. तो दोन कामे करतो. अँजिओटेन्सिन नावाचे एक निरुपद्रवी द्रव्य रक्तातून येते, त्याचा तुकडा तोडून तो त्याला जोरकस बनवतो. मग ते द्रव्य रक्तवाहिन्या आवळते आणि दाब चढतो. आणि वाहिन्या सैल करणारे आपले ब्रॅडिकायनिन तोच गडी मोडून टाकतो. म्हणजे दोन्हीकडून दाब वाढवण्याचेच काम. बखल्यांनी कुत्र्याच्या फुफ्फुसाच्या अर्कात जराराकाच्या विषातला घटक घातला, तेव्हा या गड्याचे हात बांधले गेले. अँजिओटेन्सिनला जोर येईना. विषाने आणखी एक दार दाखवले, आणि हे दार रक्तदाबाच्या रोगाकडे थेट नेणारे होते.

व्हेन हे अमेरिकेतल्या स्क्विब या औषध कंपनीचे सल्लागार होते. त्यांच्या सांगण्यावरून तिथे मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन यांनी काम हाती घेतले. विषातून नऊ ॲमिनो आम्लांची एक लहानशी साखळी त्यांनी वेगळी केली, तशीच प्रयोगशाळेत बनवली, आणि तिला टेप्रोटाइड नाव दिले. रोग्यांना टोचली, तर दाब उतरला! पण एवढ्यावर भागेना. ती तोंडाने घेतली तर पोटात अन्नासारखी पचून जाई. आणि रक्तदाबाचा रोगी जन्मभर रोज सुई कशी टोचून घेणार?

काम रखडले. मग १९७४ साली त्यांच्या वाचनात एक निबंध आला. गाईच्या स्वादुपिंडात असेच तोडणारे एक विकर असते, त्याच्या पोटात जस्ताचा एक कण असतो, आणि त्या जागी नेमके बसेल असे लहान द्रव्य बनवता येते, असा त्याचा आशय. ओंडेट्टी-कुशमन यांनी ताडले, की फुफ्फुसातल्या गड्याची घडणही अशीच असणार. विषाच्या साखळीचे शेवटचे टोक कसे आहे ते त्यांना ठाऊक होतेच. त्या टोकाच्या घडणीचा एक लहानसा रेणू बेतायचा, आणि जस्ताला घट्ट धरील असा गंधकाचा आकडा त्याला जोडायचा, असे त्यांनी ठरवले. किल्लीवरून किल्ली काढावी, तसे हे झाले. १९७५ साली कॅप्टोप्रिल तयार झाले, आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल ही सगळी त्याचीच धाकटी भावंडे. काही रोग्यांना या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. त्यातही साठून राहिलेल्या ब्रॅडिकायनिनचा हात असावा असे मानतात. तसे झाले तर डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने सोडू नये. आणि गरोदर बाईने ही गोळी घ्यायची नसते, हेही ऐकून ठेवा.

साप एका देशातला, शोध दोन-तीन देशांतल्या माणसांचा, आणि औषध विकण्याचा हक्क तिसऱ्याच देशातल्या कंपनीचा. हा हिशेब पुढे पुष्कळांना खटकला. १९९२ साली जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आपल्याकडे २००२ साली कायदा झाला. ज्या भूमीतले प्राणी-वनस्पती वापरले, तिला लाभाचा वाटा मिळावा, असे हे दोन्ही सांगतात.

जराराकाच्या मागोमाग इतर विषांनीही माणसाला पुष्कळ शिकवले. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या दोघांनी आपल्या मण्यारीच्या एका चुलत बहिणीच्या विषातून एक द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे झेलतो, त्या जागेलाच ते चिकटून बसते. त्या चिकटपणाच्या बळावर शास्त्रज्ञांना ती जागा पेशीतून उचलून वेगळी काढता आली, आणि स्नायूंची ताकद हरपणाऱ्या एका रोगाचे कोडे त्यातून उलगडले. आपल्या कोकणात दगडाखाली वेटोळे घालून बसणारे फुरसे तर सर्वांच्या ओळखीचे. फुरशाच्या जातीच्या विषात रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू न देणारा एक घटक सापडला, आणि त्याच्या नमुन्यावर टायरोफिबान हे औषध बेतले गेले. १९९८ सालापासून हृदयविकाराच्या रोग्यांना ते टोचतात.

आता विंचवाची गोष्ट. कोकणातला लाल विंचू किती घातक, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. रायगड जिल्ह्यात बिरवाडी-महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, दाब चढतो, आणि मग हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी बारकाईने टिपला. विंचवाचे विष मज्जातंतूंना बेभान करते, त्यामुळे वाहिन्या आवळणारी द्रव्ये शरीरात उसळतात, आणि सगळा भार हृदयावर पडतो. मग ज्या औषधाने आवळलेल्या वाहिन्या सैल होतात, ते का देऊ नये? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले. १९८६ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रात त्यांचा लेख आला, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पाहिलेत का, कशी मौज आहे ती? ब्राझीलमध्ये सापाच्या विषातून रक्तदाबाचे औषध निघाले. आणि महाडमध्ये रक्तदाबाच्या औषधाने विंचवाच्या विषावर मात केली. आणि याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली इबेरिओटॉक्सिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. पेशीच्या भिंतीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी दारे अनेक असतात. त्यांतले नेमके एकच दार हे द्रव्य बंद करते. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांतून ते आज हत्यार म्हणून वापरतात. ज्या विंचवाला आपण चपलेने ठेचतो, त्याच्या नांगीतली ही कारागिरी!

पण श्रोते हो, एवढ्यावर थांबलो तर कथा अर्धीच राहील. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतांत राबणारी, जमिनीवर झोपणारी. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला २०१७ साली दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. २०२४ साली आपल्या सरकारने, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा संकल्प सोडला. विषाने शहरातल्या रोग्याला गोळी दिली. पण बांधावर चावलेल्या माणसापर्यंत प्रतिविष वेळेवर पोचत नाही. हे देणे अजून फिटलेले नाही.

विताल ब्राझील यांचा धडा आठवतो ना? ज्याचे विष, त्याचेच प्रतिविष. आता असे दिसून आले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विषदेखील मुलखामुलखात थोडे निराळे असते. आपल्या देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष फार करून तामिळनाडूतल्या इरुळा सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येत आले. ही संस्था १९७८ ची, आणि तिचे काम मोलाचे. पण तिथल्या सापाच्या विषावर बनलेले प्रतिविष सगळ्याच मुलखांत सारखे लागू पडेल असे नाही. म्हणून मुलखामुलखाच्या विषाचा अभ्यास झाला पाहिजे. ही परीक्षा अजून पुरी झालेली नाही.

ती पुरी होईपर्यंत आपले काम काय? शिक्षक बंधुभगिनींनी हे चार शब्द फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घ्यावेत. साप चावला तर धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळीला सैल बांधा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. चिरू नका, चोखू नका, करकचून दोरी आवळू नका. मांत्रिकाच्या पारावर एक घटकाही दवडू नका. ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथे तडक न्या. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, बोबडी वळू लागली, पोटात दुखू लागले, तर वाट पाहू नका. आणि आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वीच जाऊन विचारून या. नसेल, तर ग्रामसभेत उभे राहून मागा.

विषाची परीक्षा आपण पाहू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे योग्यच. ज्यांनी ती पाहायची, त्यांनी पाहिली. परीक्षेचा निकाल मात्र सर्वांसाठी लागलेला आहे. तो वाचणे, आणि घरोघर सांगणे, हे आपले काम.